किल्ली हातात, पण गाडी उघडेना : कीलेस एन्ट्रीतला दोष कसा शोधायचा

कीलेस एन्ट्रीने, म्हणजे किल्ली कुलपात न घालता गाडी उघडण्याच्या सोयीने, दगा दिला की बहुतेक जण एकतर बटण जोरजोरात दाबत राहतात, नाहीतर थेट किल्ली नव्याने प्रोग्रॅम करून घ्यायला निघतात. जोर लावून सिग्नल वाढत नाही, आणि प्रोग्रॅमिंगची गरज खरं तर क्वचितच पडते. दोष बहुतेक वेळा किल्लीतल्या सेलमध्ये, गाडीच्या बॅटरीत किंवा आसपासच्या एखाद्या उपकरणात असतो. तो हुडकायला लागतो एक मल्टीमीटर (व्होल्टेज मोजणारं छोटं यंत्र), एक नवा सेल आणि थोडा धीर. मात्र क्रम पाळावा लागतो.

आधी आत शिरा

दार उघडण्यासाठी किल्लीच्या आतच एक साधी लोखंडी किल्ली लपवलेली असते. किल्लीच्या कडेला किंवा मागे छोटी खिट्टी असते, ती दाबून किंवा सरकवून पातं ओढलं की बाहेर येतं. चालकाच्या दाराला कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते हँडलच्या टोकाच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली असतं. टोपणाच्या खालच्या बाजूला एक बारीक खाच असते. तिच्यात पात्याचं टोक घालून टोपण हळूच उचकटायचं. काही गाड्यांत हँडल बाहेर ओढून धरल्याशिवाय टोपण निघत नाही. ही कसरत गाडी ठीक असताना एकदा करून पाहावी. अंधारात, पावसात ती पहिल्यांदा करायला गेलात की टोपणाचे खटके तुटतात. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप कडक झालेलं असतं. त्यात ग्रॅफाइटची भुकटी किंवा कुलपासाठीचा कोरडा स्प्रे मारा. घट्ट तेल घालू नका, त्यात धूळ चिकटून कुलूप आणखी जाम होतं.

असं दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजतो. घाबरायचं कारण नाही. गाडीने किल्ली ओळखली की तो थांबतो. स्टार्ट बटण असलेल्या गाडीत सेल पूर्ण संपला असला तरी किल्ली त्या बटणाला टेकवून, ब्रेक दाबून गाडी सुरू करता येते. किल्लीतली ओळख-चिप गाडीकडून मिळणाऱ्या चुंबकीय ऊर्जेवर चालते, तिला सेल लागत नाही. काही गाड्यांत ही जागा स्टार्ट बटणाऐवजी स्टीअरिंगच्या दांड्यावर, कपहोल्डरमध्ये किंवा मधल्या खणात असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये पाहून आजच लक्षात ठेवा.

दोन वेगळे संवाद

पुढची सगळी तपासणी ज्यावर उभी आहे ती एकच गोष्ट नीट समजून घ्या. किल्लीचं बटण दाबून दार उघडणं आणि किल्ली खिशात ठेवून हँडलला हात लावून दार उघडणं, हे दोन निरनिराळे प्रकार आहेत.

बटण दाबलं की किल्ली स्वतःहून रेडिओ संदेश पाठवते. त्याची फ्रीक्वेन्सी युरोपात आणि आशियाच्या बऱ्याच भागात ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते, उत्तर अमेरिकेत आणि जपानमध्ये बहुधा ३१५. हा संदेश काही मीटरपासून कित्येक मीटरपर्यंत पोचतो.

हँडलला हात लावला की आधी बोलते ती गाडी. हँडलमधला ॲन्टेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची (काही गाड्यांत १३४) हाक देतो. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटरपर्यंत ऐकू जाते. किल्लीतल्या बारीक गुंडाळ्या ती ऐकतात आणि मग किल्ली उत्तर देते, पण ते नेहमीच्या रेडिओ फ्रीक्वेन्सीवर. उत्तर जुळलं तर गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लॉकसारखी कामं सांभाळणारा छोटा संगणक, दाराच्या लॉकमधल्या मोटरला करंट देतो आणि खट् असा आवाज होतो.

म्हणजे बटणाने दार उघडतं पण हँडलने नाही, तर किल्लीचा ट्रान्समीटर, गाडीचा रिसीव्हर आणि लॉकची मोटर तिन्ही ठणठणीत आहेत. दोष गाडीच्या हाकेत, हँडलच्या सेन्सरमध्ये किंवा किल्लीच्या ऐकण्यात आहे. हँडलने उघडतं पण बटणाने नाही, तर जवळपास नक्की किल्लीवरचं बटणच गेलंय. दोन्हीने काही होत नसेल तर सेल, गाडीची बॅटरी किंवा परिसरातला अडथळा. एवढी एक चाचणी केली की निम्मी शोधाशोध संपते.

दुसरी किल्ली आणा

दुसऱ्या किल्लीने दार उघडलं तर दोष पहिल्या किल्लीत. तिनेही नाही उघडलं तर बहुधा गाडीत किंवा जागेत. 'बहुधा' म्हणायचं कारण असं, की कपाटात पडून असलेल्या किल्लीचा सेलही तितकाच जुना असतो. कीलेस किल्ली गाडीची हाक ऐकण्यासाठी सतत कान देऊन बसलेली असते, त्यामुळे न वापरताही तिचा सेल झिजतो. दोन्ही किल्ल्या एकाच महिन्यात मान टाकतात यात नवल नाही. म्हणून दुसऱ्या किल्लीत नवा सेल घालूनच ही चाचणी करा.

सेल

सेल उतरत आल्याची लक्षणं ठरलेली असतात. आधी अंतर कमी होतं. पूर्वी लांबून उघडणारी गाडी आता अगदी जवळ गेल्यावर उघडते. मग दोन-तीनदा दाबावं लागतं. थंडीच्या सकाळी चालत नाही आणि दुपारी चालते. डॅशबोर्डवर किल्लीचा सेल कमजोर असल्याची सूचना येत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवा.

सेलचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो आणि तो नंबर म्हणजेच त्याचं माप. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. सीआर १६२० चा व्यास १६, जाडी २. सीआर २४५० चा व्यास २४.५, जाडी ५. २०३२ च्या जागी २०२५ बसतो, पण सैल राहतो आणि किल्ली जरा आपटली की संपर्क तुटतो. कागद किंवा फॉइलची घडी घालून तो घट्ट बसवण्याचा उद्योग करू नका; फॉइल सरकली तर सेल शॉर्ट होतो. 'एलआर'ने सुरू होणारे सेल तर दिसायला सारखे असले तरी दीड व्होल्टचे असतात, इथे ३ व्होल्टचाच हवा.

मल्टीमीटरवर नवा सेल ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. मात्र नुसत्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका. थकलेला सेलही रिकामा मोजला तर ३ च्या आसपास दाखवतो आणि किल्लीने करंट ओढला की कोसळतो. सेलच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४७० ओहमचा रेझिस्टर लावून, तो लावलेला असतानाच व्होल्टेज वाचा. चांगला सेल ३ च्या जवळपास टिकून राहतो, थकलेला डोळ्यांदेखत खाली सरकतो. रेझिस्टर नसेल तर मोजत बसण्यापेक्षा नवा सेल घाला.

किल्ली उघडताना कडेची ठरलेली खाच शोधा, सपाट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा आणि तो तिच्यात घालून हलकेच पिळा. आत खोल खुपसू नका, सर्किटची पाटी तिथेच असते. जुना सेल काढण्याआधी त्याची '+' बाजू वर आहे की खाली, याचा फोटो काढून ठेवा. नवा सेल कडेने धरा. बोटांचं तेल लागलं असेल तर कोरड्या सुती कापडाने पुसून घ्या. बसवण्याआधी धातूच्या पत्त्या पाहा. त्या दबून सपाट झाल्या असतील तर लाकडी टूथपिकने किंचित उचला. हिरवट-पांढरा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा.

नवा सेल घालूनही किल्ली मेलेलीच राहिली तर एक कारण हमखास निसटतं. मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही सेलांवर कडू पदार्थाचा थर दिलेला असतो. काही उपकरणांत हा थर पत्ती आणि सेल यांच्यामध्ये येतो आणि संपर्कच होत नाही. सेलची सपाट बाजू अल्कोहोलने पुसून पाहा, किंवा थर नसलेला सेल वापरा. नवा असो की जुना, सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला बटण-सेल अन्ननलिका दोन तासांतही भाजून काढू शकतो. तसं घडल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

सेल बदलल्याने किल्ली गाडीला विसरत नाही. तिची ओळख वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असते. 'सेल बदलला, आता प्रोग्रॅमिंग करावं लागेल' असं कुणी म्हणालं तर आधी सेल उलटा तर बसला नाही ना, ते पाहा.

गाडीची बॅटरी

किल्लीचा सेल नवा असतानाही गाडी मुकी असेल तर बॉनेटखाली पाहा. इंजिन कित्येक तास बंद असताना १२ व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. त्याखाली गेली की दाराच्या मोटरी रडतात. लॉक अर्धवट हलतं, खट् ऐवजी बारीकसा टिक् आवाज येतो, केबिनचा दिवा पिवळट लागतो. गाडी नुकतीच चालवली असेल तर आकडा फसवा जास्त येतो. तासभर तरी थांबून मोजा.

टर्मिनलही पाहा. त्यांवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर बॅटरी भरलेली असूनही करंट पुढे जात नाही. क्लॅम्प काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून भुकटी धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीचे मालक इथे हमखास चकतात. मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी लॉक, रिसीव्हर आणि मॉड्यूल चालतात ते छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच. ती गेली की भरलेली गाडीही दारात अडवून उभी राहते. अशा वेळी लोखंडी किल्ली कुठे लागते आणि बाहेरून १२ व्होल्ट द्यायचे टर्मिनल कुठे आहेत, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलींना हात लावू नका.

एकाच जागी बंद पडते?

गाडी घरी उघडते आणि ठरावीक पार्किंगमध्ये उघडत नाही, तर ना किल्ली दोषी ना गाडी. ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बिनतारी डोअरबेल, हवामान-यंत्रांचे सेन्सर, गेट उघडणारे रिमोट असं बरंच काही बोलत असतं. त्यातलं एखादं बिघडून सतत बोंबलत राहिलं की तुमच्या किल्लीचा आवाज त्यात बुडतो. किल्ली गाडीच्या काचेच्या अगदी जवळ नेऊन बटण दाबा. तिथे चाललं तर अडथळ्याचा संशय पक्का. गाडी काही मीटर पुढे-मागे नेऊनही फरक पडतो.

१२५ किलोहर्ट्झची हाक तर आणखी नाजूक. मोबाइलच्या वायरलेस चार्जरचं चुंबकीय क्षेत्र याच फ्रीक्वेन्सीच्या शेजारी चालतं, त्यामुळे चार्जिंग पॅडजवळ ठेवलेल्या किल्लीला गाडीची हाक ऐकू येत नाही. हलक्या प्रतीचे मोबाइल चार्जर, डॅशकॅमचे ॲडॉप्टर, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे हेही असाच गोंगाट करतात. गाडीत नवं काही जोडल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर ते उपटून पाहा. किल्ली मोबाइलला चिकटून एकाच खिशात, नाण्यांत, स्टीलच्या डब्यात किंवा दुसऱ्या कीलेस किल्लीसोबत ठेवू नका. सिग्नल अडवणाऱ्या चोरीविरोधी पाऊचमधून किल्ली बाहेर काढायला विसरणारेही कमी नाहीत.

लॉक होत नसेल तेव्हा मात्र जरा सावध राहा. चोर जॅमर वापरून लॉकचा संदेश अडवतात आणि तुम्ही गेल्यावर उघडी गाडी साफ करतात. हँडल ओढून दार खरंच लागलं का, हे पाहूनच जागा सोडा.

बिघाड नाही, झोप आहे

काही वेळा यंत्रणा सांगितल्याप्रमाणेच वागत असते. किल्ली काही मिनिटं हलली नाही की ती झोपी जाते, अशी सोय अनेक नव्या किल्ल्यांत आहे. हातात घेऊन हलवली की जागी होते. टोयोटाच्या बऱ्याच किल्ल्यांत लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की किल्ली बचत-अवस्थेत जाते आणि तिचा दिवा चार वेळा लुकलुकतो. खिशात चुकून हे घडलं की हँडल प्रतिसाद देत नाही. किल्लीचं कुठलंही बटण दाबलं की ती परत जागी होते. याच कंपनीच्या अनेक गाड्या ५ दिवस वापरल्या नाहीत तर उघडायला वेळ घेतात, आणि १४ दिवसांनंतर हँडलने फक्त चालकाचंच दार उघडतं. लांबच्या प्रवासाहून परतल्यावर बाकीची दारं उघडत नाहीत म्हणून वर्कशॉप गाठण्याआधी हे आठवा.

स्क्रीनवरच्या सेटिंग्जमध्ये कीलेस एन्ट्री बंद तर केलेली नाही ना, पहिल्या दाबात फक्त चालकाचं दार उघडायचं असं ठेवलेलं नाही ना, हेही बघा. एखादं दार किंवा डिकी अर्धवट लागलेली असेल, इग्निशन चालू राहिलं असेल, किंवा दुसरी किल्ली गाडीच्या आत राहिली असेल, तर गाडी मुद्दाम ऐकत नाही. मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉक पाहा.

हँडल, दार आणि फ्यूज

एकच हँडल काम करत नसेल तर ते नीट पुसा. काही हँडलना छोटं रबरी बटण असतं, काहींना आतल्या बाजूला स्पर्श ओळखणारा पट्टा. चिखल, पाण्याचा ओघळ, जाड हातमोजे यांनी तो फसतो. शोभेसाठी चिकटवलेली क्रोमची कव्हरं तर त्याच्या मुळावरच येतात. काढून टाका आणि पुन्हा पाहा.

आता किल्ली हँडलपासून वीतभर अंतरावर धरा. तिथे चालतं आणि एका पावलावर चालत नाही, आणि सगळ्याच हँडलना असं होत असेल तर किल्ली कमी ऐकतेय. एकाच हँडलला असेल तर त्या हँडलचा ॲन्टेना किंवा त्याची वायर.

बटण दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात पण दार उघडत नाही, तर गाडीने आज्ञा ऐकली आहे. पुढे कान देऊन ऐका. मोटरचा आवाज येतो आणि लॉक हलत नाही, म्हणजे आतले प्लास्टिकचे दाते झिजलेत किंवा दांडी सुटली आहे. पूर्ण लॉक-संच बदलावा लागतो. आवाजच येत नसेल तर दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली रबरी नळी तपासा. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं आणि तिच्या आतल्या वायरी तिथेच वाकून वाकून तुटतात. दार अर्धं उघडून नळी हलवत राहा आणि दुसऱ्याला किल्लीचं बटण दाबायला सांगा. मधूनच खट् झालं की दोष सापडला. त्याच दाराची काच किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल तर शंकाच नको.

सगळीच दारं गप्प असतील तर फ्यूज. डोअर लॉक आणि बॉडी कंट्रोल यांचे फ्यूज डॅशबोर्डखालच्या किंवा बॉनेटमधल्या डब्यात असतात, झाकणावर नकाशा असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. तो पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी घासून शॉर्ट झाली आहे. मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नका, पुढच्या वेळी वायर जळेल.

पडलेली, भिजलेली किल्ली

किल्ली पाण्यात पडली तर पहिल्याच मिनिटात सेल काढा. नुकसान पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणाऱ्या करंटने जास्त होतं. पाटी बाहेर काढून ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुवा, उघड्यावर पूर्ण दिवस वाळू द्या. तांदळात पुरू नका, भुकटी आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

आपटलेल्या किल्लीत दोन जागा पाहाव्यात. बटणाच्या स्विचचं सोल्डर तडकलेलं असतं. स्विच बाजूने दाबल्यावर चालतो आणि सरळ दाबल्यावर नाही. ते पुन्हा सोल्डर करता येतं. दुसरी जागा म्हणजे काळ्या चौकोनी ठोकळ्यातली गुंडाळी, गाडीची हाक ऐकणारी. तिच्यातला फेराइट (चुंबकीय गाभा) ठिसूळ असतो. तो फुटला की बटणं चालतात आणि हँडल मात्र किल्लीला ओळखत नाही.

प्रोग्रॅमिंग, सगळ्यात शेवटी

प्रत्येक दाबागणिक किल्लीचा गुप्त कोड बदलतो आणि गाडी पुढचे काही कोड स्वीकारायला तयार असते. बराच काळ वापरात असलेल्या कीलॉक पद्धतीत ही मर्यादा १६ कोडांची आहे. मुलाने खेळताना बटण त्याहून जास्त वेळा दाबलं तर एक दाब वाया जातो, पण लागोपाठ दोनदा दाबलं की गाडी पुन्हा जुळवून घेते. काही मॉडेलना किल्लीने एकदा इग्निशन चालू करावं लागतं.

यानंतरही काही होत नसेल तर मेकॅनिकला स्कॅन टूल (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) जोडायला सांगा, पण प्रोग्रॅमिंगच्या आधी लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणीची माहिती, बघायला लावा. हँडल दाबल्यावर स्विच 'ऑन' दिसतो का, किल्ली ओळखली जाते का, हे तिथे सरळ वाचता येतं. स्विच 'ऑन' होत नसेल तर किल्ली प्रोग्रॅम करून काहीही साधणार नाही. नवी किल्ली घेताना फ्रीक्वेन्सी आणि पार्ट नंबर जुळवा. दुसऱ्या गाडीची वापरलेली कीलेस किल्ली बहुधा तिच्याशीच बांधलेली असते, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी समोर नसलेल्या किल्ल्या यादीतून पुसल्या जातात. हरवलेली किल्ली बाद करण्याचा मार्गही हाच.